तापी, तपती की ताप्ती? मुलीच्या एका दुर्मीळ नावाविषयी

कळण्याची भाकर (धागाकर्ती)

मुलीचं नक्षत्र स्वाती, चौथा चरण, नावाचं अक्षर 'ता'. नावांच्या कुठल्याही यादीत 'ता' उघडलं की तारा, तान्या, तारिका, ताश्वी. तापी कुठेच नाही. तापीबाई नावाच्या आज्या खानदेशात गावोगाव असायच्या, नातीचं नाव मात्र कोणी तापी ठेवत नाही. तीन गोष्टी हव्या आहेत: नाव आलं कुठून, नेमका अर्थ काय, आणि आज ठेवायचं तर कागदोपत्री कुठे अडेल. जाणकारांनी लिहा. 'ताप'वरचे विनोद माहीत आहेत, ते सोडून.

व्याकरणवेडा

ताई, आधी हे लक्षात घ्या की इथे एकाच धातूची दोन वेगळी रूपं आहेत.

तप् म्हणजे तापणे, तापवणे, तप करणे. त्यापासून 'ताप', आणि त्याचं स्त्रीलिंग 'तापी'. हे सरळ आहे. 'तपती' जरा गंमतीचं. वरवर ते तप् धातूचं 'तापणारी' अशा अर्थाचं वर्तमानकालवाचक विशेषण वाटतं. पण पाणिनीच्या नियमाने (शप्श्यनोर्नित्यम्, ७.१.८१) या गणातल्या धातूंच्या स्त्रीलिंगी रूपात न् यायलाच हवा. भवन्ती, पचन्ती, वदन्ती. आपण रोज 'किंवदंती' म्हणतो, त्यातली 'वदंती' हीच. त्या हिशेबाने 'तपन्ती' व्हायला पाहिजे होतं. महाभारतात आणि भागवतात मात्र सगळीकडे 'तपती' आहे. तेव्हा ते रूढ विशेषनाम म्हणून घ्यायचं, 'तापणारी' असा शब्दशः अर्थ लावत बसायचं नाही.

तिसरं 'ताप्ती'. हे हिंदीतलं रूप. बऱ्हाणपूर-मुलताईकडे नदीला ताप्तीच म्हणतात. तपतीचा उच्चार करताना मधला अ गळतो आणि कानाला 'तप्ती' ऐकू येतं. इंग्रजांच्या नकाशांतलं स्पेलिंग त्याच उच्चारावरचं. त्याला तापीचा 'ता' चिकटला की ताप्ती. बोलीत उत्तम, पण मराठी घरात मुलीचं नाव म्हणून मी सुचवणार नाही. दोन्ही बाजूंनी अर्धवट राहतं.

मोडीवाचक

'तापी हा तपतीचा अपभ्रंश' असं पुष्कळ ठिकाणी ठोकून दिलेलं असतं. नाशिकच्या पांडवलेण्यांतला पुरावा तसं सांगत नाही. दहाव्या लेण्यात उषवदाताचा, म्हणजे क्षत्रप नहपानाच्या जावयाचा, लेख आहे. साधारण १९०० वर्षांपूर्वीचा. कुठल्या नद्यांवर त्याने लोकांना फुकट उतरायला नावा ठेवल्या त्याची यादी त्यात आहे: इबा, पारादा, दमण, तापी, करबेणा, दाहनुका. चौथी तापी. दोन अक्षरं, आज धुळ्या-जळगावचा माणूस म्हणतो तशीच.

म्हणजे तपती हे ग्रंथांतलं नाव आणि तापी हे काठावरचं, आणि काठावरचं नाव काही कालपरवाचं नाही.

जाता जाता: त्याच लेण्यात उषवदाताच्या बायकोने ओवरी दान दिल्याची नोंद आहे. तिचं नाव दक्षमित्रा. दुर्मीळ नावं शोधणाऱ्यांनी हेही टिपून ठेवा.

भरीत पार्टी

आंडेरनं (मुलीचं) नाव तापी ठेवाले काय हरकत शे? फक्त शाळामा पोरं म्हनतीन, 'नावमाच ताप शे, भो.'

कळण्याची भाकर

विनोद सोडून म्हटलं होतं ना, भाऊ. :)

संगमावर

नावामागची गोष्ट महाभारताच्या आदिपर्वात आहे, ती नीट सांगायला हवी. कारण 'ताप' या शंकेचं उत्तर त्यातच आहे.

अंगारपर्ण (चित्ररथ) गंधर्व अर्जुनाला 'तापत्य' (तपतीचा वंशज) म्हणून हाक मारतो. अर्जुन विचारतो, आम्ही तर कौंतेय, तापत्य कसे? तेव्हा गंधर्व सांगतो: तपती ही सूर्याची मुलगी, सावित्रीची धाकटी बहीण. राजा संवरण शिकारीला गेलेला असताना डोंगरात त्याचा घोडा मरतो, पायी फिरताना त्याला ती दिसते. बापाला विचारल्याशिवाय मी काही बोलणार नाही, असं सांगून ती निघून जाते. मग वसिष्ठ सूर्याकडे जाऊन मागणी घालतात आणि लग्न होतं. पुढे दोघं बारा वर्षं डोंगरातच राहतात, आणि तेवढी बारा वर्षं राज्यात पावसाचा थेंब पडत नाही. वसिष्ठ त्यांना परत राजधानीत आणतात तेव्हा पाऊस सुरू होतो. त्यांचा मुलगा कुरू. कुरुक्षेत्र, कुरुवंश, कौरव, सगळं त्याच्यापासून.

म्हणजे ज्या बाईच्या नावात लोक ऊन शोधतात, ती राज्यात परत आल्यावर दुष्काळ संपतो. एप्रिल-मेमध्ये पारा ४५ च्या पुढे जाणाऱ्या आपल्या भागात याहून चांगलं नाव काय असणार?

व्याकरणवेडा

संगमावर यांच्या पोस्टला जोड. त्या आख्यानातच तिचं वर्णन 'तपती तपसा युता' असं आहे, म्हणजे तपाने युक्त अशी तपती. खुद्द ग्रंथाने नावाचा संबंध उष्णतेपेक्षा तपाशी जोडलाय. बारशाला अर्थ विचारला तर 'सूर्यकन्या, तपस्विनी' हे उत्तर पदरचं नाही.

गिरणाकाठ

गोड गोड सगळं झालं, आता आडवं बोलतो. भागवताच्या सहाव्या स्कंधात तपती ही छायेची मुलगी आहे. छायेला शनैश्चर, सावर्णी मनू आणि तपती. म्हणजे ती शनीची सख्खी बहीण. नस्तनपूरच्या शनिमंदिरात शनिवारी रांग लावणाऱ्या घरात हे कोणीतरी काढणारच. घरातल्या मोठ्यांना आधीच सांगून ठेवलेलं बरं, नाहीतर ऐन पाळण्याजवळ वाद व्हायचा.

संगमावर

काढू दे की. यमुना कोणाची बहीण? यमाची. यमुनाबाई किती घरांत आहेत? यमाची बहीण चालते आणि शनीची चालत नाही, हा कुठला हिशेब?

शास्त्रार्थ

शास्त्राचा खरा आक्षेप शनीचा नाहीच, नदीचा आहे. मनुस्मृती ३.९ मध्ये लग्नासाठी कोणत्या नावांची मुलगी नको ते सांगितलंय: नक्षत्राचं, झाडाचं, नदीचं, डोंगराचं, पक्ष्याचं, सापाचं, भीतिदायक नाव असलेली. त्याच ग्रंथात २.३३ ला मुलीचं नाव कसं असावं तेही आहे. उच्चाराला सोपं, कठोर नसलेलं, अर्थ स्पष्ट, मनाला आवडणारं, मंगल, शेवटचा स्वर दीर्घ. तापी दुसऱ्या कसोटीला उतरतं आणि पहिलीत नापास होतं.

गिरणाकाठ

३.९ मराठी माणसाने कधी पाळलंय? गंगा, यमुना, गोदावरी, कृष्णा, नर्मदा, सिंधू, भागीरथी, शरयू, चंद्रभागा. तुळसा आणि रोहिणी पण त्यातच बाद. अख्खं गाव बिनलग्नाचं राहिलं असतं.

मोडीवाचक

नाव किती चालत होतं हा प्रश्न राहिलाय. ठाम आकडा कोणी दिला तर विश्वास ठेवू नका. स्वतः मोजायचं असेल तर कुठे बघायचं आणि काय चुकतं ते सांगतो.

जुने जन्म-मृत्यू नोंदीचे कागद, म्हणजे गाव नमुना १४, ज्याला लोक कोतवाल बुक म्हणतात. जातीच्या दाखल्यासाठी लोक तहसीलमधून त्याच्या नकला काढतात. नावं मोजायला हा कागद जवळजवळ निरुपयोगी आहे. नोंद बारशाच्या आधी व्हायची, त्यामुळे बापाचं नाव आणि पुढे 'मुलगी' एवढंच. बाईचं नाव सापडलंच तर मृत्यूच्या रकान्यात. कागद मोडीत असतो, आणि मोडीत ऱ्हस्व-दीर्घ इ-ई वेगळी लिहीत नाहीत. त्यामुळे 'तापि की तापी' यावर डोकं लावू नये.

शाळेचं जनरल रजिस्टर त्यापेक्षा बरं. पूर्ण नाव, जन्मतारीख, गाव, सगळं मिळतं. अडचण ही की मागच्या पिढ्यांतल्या पुष्कळ मुली शाळेत गेल्याच नाहीत, आणि तापीबाई नेमक्या त्या पिढ्यांतल्या.

तिसरी मतदारयादी, भागनिहाय. इथे वय शेजारीच असल्याने नाव कोणत्या पिढीत थांबलं ते लगेच दिसतं. पण पीडीएफमध्ये बऱ्याचदा मजकूर शोधता येत नाही, डोळ्यांनीच वाचावं लागतं. 'तापी', 'तापीबाई' आणि 'ताप्तीबाई' तिन्ही मोजा.

आणि सगळ्यात मोठा घोळ वेगळाच. यादीतलं नाव सासरचं असतं. लग्नात ताटातल्या तांदळांवर नवऱ्याने नवीन नाव लिहिलं की माहेरची तापी कागदावरून गेली. आनंदीबाई जोशींचं माहेरचं नाव यमुना होतं, हे आपल्याला त्या प्रसिद्ध झाल्या म्हणून माहीत. बाकीच्यांचं कोण लिहून ठेवणार? म्हणून यादीत तापीबाई कमी दिसल्या तर नाव कमी होतं असं लगेच म्हणू नका. उलटही खरं, यादीतली एखादी तापीबाई माहेरी भलतीच कोणी असू शकते.

पूर्वखानदेश

बाहेर 'तपती' जास्त चालतं, मुख्यतः बंगालमध्ये. तिथे ते चांगलं ओळखीचं नाव आहे. रवींद्रनाथांचं १९२९ चं नाटक त्याच नावाचं. त्यामुळे महाराष्ट्राबाहेर मुलीने 'तपती' सांगितलं तर समोरचा पहिल्यांदा बंगाली समजेल.

'तापी' ऑनलाइन शोधाल तर आधी काय येईल तेही सांगतो. गुजरातचा तापी जिल्हा (२००७ मध्ये सुरतेतून वेगळा झालेला, मुख्यालय व्यारा) आणि तुर्कमेनिस्तानहून भारतात यायची ती गॅसची पाइपलाइन, जिचं आद्याक्षरांचं नाव तापीच आहे. थायलंडमध्येही तापी नदी आहे. तिथल्या राजाने १९१५ मध्ये एका शहराला आपल्या सुरतेवरून सुरत थानी नाव दिलं, मग तिथली नदीही तापी झाली. ७२४ किलोमीटर वाहून समुद्राला मिळालेली नदी नावाने आणखी पुढे गेली, म्हणा.

सेतूकट्टा

आता कागदांचं. क्रमाने वाचा, घाई करू नका.

जन्माची नोंद २१ दिवसांच्या आत. नोंद जिथे जन्म झाला तिथे होते, तुम्ही राहता तिथे नाही. चोपड्याचं कुटुंब आणि बाळंतपण जळगावच्या दवाखान्यात, तर दाखला जळगाव महापालिकेचा. दवाखाना माहिती पाठवतो तेव्हा नावाचा रकाना कोरा सोडता येतो. नाव नंतर घालायला नोंदणीपासून १२ महिन्यांपर्यंत शुल्क नाही, पुढे १५ वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून घालता येतं. म्हणून तापी की तपती हे ठरत नसेल तर रकाना कोरा ठेवा. एकदा घातलेलं नाव 'आता आवडत नाही' म्हणून दाखल्यावर बदलून मिळत नाही. दुरुस्ती होते ती फक्त लिहिण्यातल्या चुकीची. आवड बदलली तर राजपत्राचा, म्हणजे गॅझेटात नावबदल छापून घ्यायचा रस्ता.

१ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्यांसाठी जन्मदाखल्याचं वजन वाढलंय. शाळाप्रवेशापासून वाहन परवान्यापर्यंत जन्मतारखेला तोच कागद. म्हणून स्पेलिंग पहिल्याच दिवशी बरोबर पाहिजे. शिवाय १ मे २०२४ पासून जन्मलेल्यांचं नाव सरकारी कागदांत बाळाचं, आईचं, वडिलांचं, मग आडनाव अशा क्रमाने. चार शब्दांची माळ मोठ्याने म्हणून बघा. तापी दोन अक्षरी असल्याने पुढे कितीही लांब नावं आली तरी बसतं.

स्पेलिंग. तापी: टी-ए-पी-आय. अडचण अशी की संगणक टी दिसला की कधी त करतो, कधी ट. आधारच्या फॉर्मवर 'टापी' छापून येऊ शकतं, आणि मराठीत टाप म्हणजे घोड्याची. नोंदणीकेंद्रावर सही करण्याआधी पावतीवरचं देवनागरी नाव वाचा. सगळे इंग्रजीच वाचतात आणि घरी येऊन कपाळावर हात मारतात.

तपती: टी-ए-पी-ए-टी-आय. मधला ए कोणीतरी गाळणारच, कारण उच्चार 'तप्ती' असा होतो. तो गळला की देवनागरीत तप्ती किंवा ताप्ती येतं. दाखल्यावर एक, आधारवर दुसरं, शाळेत तिसरं, आणि मग दहावीच्या फॉर्मच्या वेळी धावपळ. आधारवर नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं. त्यातली एक संधी इथे घालवू नका. माझ्या मते या एका कारणासाठी तापी हे तपतीपेक्षा सोपं नाव आहे.

भरीत पार्टी

टापी! आते हासाले परवानगी शे का? :)

केळीचं पान

उच्चाराबद्दल थोडं. अहिराणीत ळ चा य होतो आणि ण चा न. डोळा म्हणजे डोया, काळा म्हणजे काया. त्यामुळे मृणाल, वीणा, तुळसा ही नावं आजीच्या तोंडी वेगळी होतात. तापीत ळ नाही, ण नाही, जोडाक्षर नाही. अहिराणी, लेवा गणबोली, पावरी, पुण्याची मराठी, सगळीकडे सारखंच. अशी नावं मोजकीच.

लाडाचं रूप मात्र आधी विचारात घ्या. काशीची काशे होते तशी 'ए तापे' ही हाक येणार, ती थांबवता येत नाही. घरातून पहिल्यापासून 'तापू' किंवा 'तापीमाय' रुळवलं तर 'तापे' मागे पडतं. शाळेतलं 'ताप' हे चिडवणं तिसरी-चौथीपर्यंत चालेल. स्वातीला सातवी आणि पूजाला दुजा म्हणणारी पोरं कोणाला सोडतात?

संगमावर

'तापीमाय' वरून आठवलं. काठावर एक समजूत आहे: गंगेत स्नान करावं, नर्मदेचं दर्शन घ्यावं, तापीचं नुसतं स्मरण केलं तरी पुरे. दिवसातून पन्नास वेळा मुलीला हाक मारली की तेवढं स्मरण आपोआप होतंय. आजोबा मंडळींना पटवायला हे पुरेल, मनुस्मृती काढायची गरज नाही.

आषाढ शुद्ध सप्तमीला तापी जयंती असते. मुलताईपासून सुरतेपर्यंत त्या दिवशी नदीची पूजा होते. आपल्याकडे प्रकाशा गावी, चांगदेवला संगमावर ओटी भरतात. नावाला घरातली एक तिथीही मिळते.

शास्त्रार्थ

तापी नको वाटलं पण नदी सोडायची नाही, अशांसाठी: तापीमाहात्म्यात नदीची २१ नावं आहेत. सत्या, श्यामा, कपिला, सावित्री, तारा ही ओळखीची. ताम्रा आणि तिग्मा ही अगदी अपरिचित. तिग्मा म्हणजे तीक्ष्ण, प्रखर, तेव्हा विचार करून. ताम्रा म्हणजे तांबूस. पावसाळ्यात हतनूर धरणाचे ४१ दरवाजे उघडल्यावर खाली जो रंग येतो तो. नाव म्हणून ताम्रा मला तपतीपेक्षाही आवडतं, पण जोडाक्षर आलं, आणि आजी 'तांबरा' म्हणणार.

कळण्याची भाकर

सगळ्यांचे आभार. एकच शंका: घरात कोणी 'तपती'वर अडलं तर स्वातीच्या चौथ्या चरणाला चालेल का? अक्षर 'ता' आहे आणि नाव 'त' ने सुरू होतं.

शास्त्रार्थ

चालेल. चरणाक्षरात अ-आ, इ-ई, उ-ऊ वेगळे धरत नाहीत, म्हणून त आणि ता एकच. स्वातीची चार अक्षरं रू, रे, रो, ता. ती, तू, ते, तो पुढे विशाखेत जातात. तुमच्या मुलीची रास तूळ. तापी, तपती, ताम्रा तिन्ही बसतात, तिग्मा नाही.

सेतूकट्टा

आणि ताई, कागदावर नुसतं 'तापी' लिहा. 'तापीबाई' म्हणायचं असेल तर घरात म्हणा. 'बाई' एकदा दाखल्यात शिरली की काढायला पुन्हा राजपत्र.